पूरक आणि रेचक

सकाळी बागेत जमणाऱ्या आमच्या वयाच्या मंडळींत राजकारणापासून पथ्यपाण्यापर्यंत सर्वच विषयांवर मतभेद असतात. प्राणायामाच्या बाबतीत मात्र बहुतेकांचे एकमत आहे. श्वास आत घेणे हा पूरक, रोखून धरणे हा कुंभक आणि सोडणे हा रेचक. नवशिक्याचे लक्ष पूरकाकडे असते आणि जाणत्याचे रेचकाकडे; कारण आतला श्वास पुरता बाहेर गेल्याखेरीज नव्या श्वासाला जागा होत नाही. मोटारीचे इंजिन याहून काही निराळे करीत नाही, हे आम्हांला वयाच्या पासष्टीनंतर, आणि तेही एका मालवाहू पिकअप गाडीच्या निमित्ताने, नीट उमगले. दट्ट्या खाली येतो तेव्हा हवा आत ओढली जाते; तो वर गेला की ती दाबली जाते; इंधन पेट घेते आणि दट्ट्या पुन्हा खाली ढकलला जातो; शेवटच्या धावेत जळलेला वायू बाहेर पडतो. मधला तो स्फोट तेवढा वगळला, तर योगाभ्यासी माणसाचा आणि इंजिनाचा दिनक्रम एकच म्हणावयास हरकत नाही.

ही पिकअप आमच्या पुतण्याची. २०१८ साली बनलेली, भारत स्टेज चार या मानकाची, अडीच लिटरचे टर्बो डिझेल इंजिन असलेली ही गाडी त्याने जुनी म्हणून घेतली. महूकडच्या शिवारातून बटाटा आणि लसूण उचलून इंदूरच्या चोइथराम मंडीत पोहोचविणे हा त्याचा रोजचा व्यवसाय; आठवड्यातून एकदा तो धुळ्यापर्यंत जातो आणि येताना केळी भरून आणतो. परतीच्या त्या वाटेवर दोन चढ लागतात. आधी सातपुड्यातला बिजासन घाट, आणि मग खलघाटाला नर्मदा ओलांडल्यावर मानपूरकडचा विंध्याचा चढ. नर्मदेचे पात्र तिथे समुद्रसपाटीपासून सुमारे दीडशे मीटरवर आहे आणि इंदूर साडेपाचशेवर. म्हणजे केळ्यांचे ओझे घेऊन चारशे मीटर चढून यायचे. गाडीच्या कर्जाच्या कागदांवर जामीनदार म्हणून आमची सही आहे. तेव्हा गाडीचा श्वास अडला तर धाप आम्हांलाही लागणार, हे उघड होते.

मागल्या उन्हाळ्यात एके रात्री तो जेवण झाल्यावर आमच्याजवळ येऊन बसला. “काकासाहेब, गाडीत दम राहिला नाही. घाटात दुसऱ्या गियरवर यावे लागते, मागचे सगळे पुढे निघून जातात, आणि डिझेलही जास्त पिते,” असे त्याचे गाऱ्हाणे होते. उपायही त्याने शोधून ठेवला होता. एका दुकानदाराने त्याला सांगितले होते, की हवेच्या फिल्टरची मूळ बंद पेटी काढून टाकावी व तिच्या जागी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवावा. मागचा सायलेन्सर काढून सरळ, रुंद नळी लावावी. आणि इंजिनाच्या संगणकात थोडा फेरफार करून इंधनाचे माप वाढवावे. गाडी वाघासारखी धावेल. खर्च पस्तीस हजार. ते पैसे आम्ही तूर्त द्यावेत, मंडीचा हंगाम लागला की तो फेडील.

पैसे देणे आम्हांला जड नव्हते. परंतु शासकीय सेवेत पस्तीस वर्षे फायली हाताळल्यामुळे मागणीच्या कागदाला आधी आजाराचे कारण जोडलेले असावे, अशी आमची सवय होऊन गेली आहे. म्हणून आम्ही पंधरा दिवसांची मुदत मागितली आणि तेवढ्यात या हवेच्या प्रकरणाचा जमेल तसा अभ्यास करावयाचे ठरविले.

पहिल्याच दिवशी केलेल्या हिशेबाने आम्ही चकित झालो. एक किलो डिझेल पूर्णपणे जळण्यास साधारण साडेचौदा किलो हवा लागते. एक लिटर डिझेलचे वजन किलोच्या पाच षष्ठांशाच्या आसपास. म्हणजे लिटरमागे बारा किलो हवा. एक घनमीटर हवेचे वजन सव्वा किलोच्या जरा खाली भरते. तेव्हा एक लिटर डिझेल जाळण्यासाठी किमान दहा हजार लिटर हवा आत घ्यावी लागते. प्रत्यक्षात डिझेल इंजिन याहूनही पुष्कळ अधिक घेते. आता माणसाकडे पाहू. स्वस्थ बसलेला माणूस एका श्वासात अर्धा लिटर हवा घेतो आणि मिनिटाला बारा ते सोळा श्वास करतो. चोवीस तासांचा गुणाकार केला तर तोही दहा हजार लिटरच्या घरात जातो. म्हणजे पुतण्याची गाडी एका लिटरमध्ये बारा किलोमीटर जाते असे धरले, तर एवढ्या अंतरात ती एका माणसाचा दिवसभराचा श्वास ओढून घेते. इंदूर ते धुळे अडीचशे किलोमीटरच्या प्रवासात वीस-एकवीस माणसांचा दिवस तिच्या नाकातून आत जातो आणि धुराड्यातून बाहेर येतो. आम्ही आजवर गाडी डिझेलवर चालते असे समजत होतो. वजनाने पाहिले तर ती मुख्यतः हवेवर चालते आणि डिझेल तोंडी लावण्यापुरते घेते.

मुदत संपण्याआधी पुतण्याला घेऊन आम्ही ट्रान्सपोर्ट नगरातल्या एका वृद्ध मिस्त्रीकडे गेलो. दुकानदाराची योजना त्यांनी शांतपणे ऐकून घेतली, पान थुंकले आणि म्हणाले, “बाबूजी, पहले ये तो देख लो कि इसकी नाक बंद है या नहीं.” गाडीचे झाकण उघडून त्यांनी हवेच्या पेटीच्या चार क्लिपा काढल्या आणि आतला कागदी फिल्टर बाहेर काढून जमिनीवर आपटला. त्यातून जो पदार्थ बाहेर पडला त्याला धूळ म्हणणे ही धुळीची थट्टा होईल. माळव्याची काळी माती, रस्त्याच्या खडीची राख, गव्हाच्या कापणीतला भुसा, आणि एका घुशीने की उंदराने आणून ठेवलेल्या सुतळीच्या गुंडाळ्या. मार्च-एप्रिलमध्ये शेताशेतांतून मळणीयंत्रे फिरतात तेव्हा आसमंतात जे तरंगत असते, ते सारे त्या घड्यांत जमा झाले होते. नव्या फिल्टरवर एकदाही पैसे खर्च न करता पुतण्याने दोन सुगी काढल्या होत्या.

तो काळवंडलेला कागद पाहून आम्हांला नोकरीच्या आरंभीच्या काळातली जीप आठवली. झाबुआ जिल्ह्यातील दौऱ्यांवर असलेल्या त्या जीपला कागदी फिल्टर नव्हता; तेलाचा होता. हवा एका वाटीसारख्या भांड्यातल्या तेलावरून वळसा घेऊन आत जाई आणि धूळ तेलाला चिकटून राही. अलीराजपूरकडून परतल्यावर आमचे चालक, ज्यांना आम्ही सगळेच दादा म्हणत असू, जेवणाआधी ती वाटी उतरवीत, तळाशी बसलेला चिखल खरवडून काढीत आणि नवे तेल ओतीत. “साहेब, आपण हातपाय धुतले, हिलाही धुवायला हवेत,” असे ते म्हणत. आमच्या कार्यालयातील दुसऱ्या दोन जिपांची इंजिने पाच-सहा वर्षांत उघडावी लागली. दादांच्या जिपेचे इंजिन आमची बदली होईपर्यंत कुणी उघडले नव्हते. रस्त्यावरच्या धुळीत गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी लोखंडाहून कठीण. असे पाच-दहा मायक्रॉनचे कण, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढे, दट्ट्याच्या कड्या आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये शिरले की पॉलिश पेपरासारखे काम करतात. उघड्या शंकूच्या फिल्टरांत हवा अधिक मोकळी वाहते हे खरे. परंतु पुष्कळदा ती अधिक मोकळी वाहते ती जाळी विरळ असल्यामुळे. शर्यतीच्या गाडीला हे चालते, कारण तिचे इंजिन शर्यतीनंतर उघडायचेच असते. ज्या इंजिनाला कर्जाच्या हप्त्यांपेक्षा अधिक जगायचे आहे, त्याला माळव्यात हे परवडणार नाही.

याशिवाय आणखी एक गोष्ट मिस्त्रींनी हात लावून दाखविली. मूळ पेटीची सोंड पुढच्या जाळीजवळ, बाहेरच्या हवेत उघडत होती. ती काढून उघडा फिल्टर इंजिनाशेजारी बसविला तर तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढणार. बाहेर चाळीस अंश तापमान असताना आत साठ अंश असेल, तर तेवढ्याच हवेचे वजन सुमारे सहा टक्क्यांनी कमी भरते. म्हणजे थंड आणि दाट हवेसाठी म्हणून जो खर्च करावयाचा, त्याने विरळ आणि तप्त हवा विकत घ्यावयाची.

पेटीनंतर मिस्त्री टर्बोकडे वळले. टर्बो ही मोठी युक्तीची वस्तू आहे. बाहेर जाणाऱ्या तप्त वायूत जी ताकद वाया जात असते, तिने एक चक्र फिरवावयाचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने आत येणारी हवा दाबून भरावयाची. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. रेचकाच्या जोरावर पूरक करण्याचा हा प्रयोग आमच्या योगशिक्षकांनाही सुचला नसता. दाबलेली हवा तापते, म्हणून तिला वाटेत इंटरकूलर नावाच्या जाळीतून नेऊन थंड करतात. मिस्त्रींनी टर्बो आणि इंटरकूलर यांना जोडणाऱ्या जाड रबरी नळीवर साबणाचे पाणी टाकले आणि पुतण्याला गाडीची रेस वाढवावयास सांगितले. क्लिपेच्या खाली फेसाचे मोठमोठे बुडबुडे आले. तिथे दोन बोटे लांबीची भेग होती. टर्बोने मेहनतीने दाबलेली हवा घाटात तिथून फुसकन निघून जात होती. इंधन मात्र ठरल्याप्रमाणे येत होते. हवा कमी आणि डिझेल पुरेपूर, म्हणून ते अर्धवट जळून काळा धूर होत होता. दम गेला तो तिथून, आणि डिझेलही तिथेच जात होते.

मिस्त्रींचा मुद्दा ध्यानात यावा म्हणून इथे एक गोष्ट स्पष्ट करणे जरूर आहे. पेट्रोलच्या इंजिनात चालक पायाने हवेचा दरवाजा उघडतो आणि इंधन त्या प्रमाणात येते. डिझेलच्या इंजिनात पायाचा हुकूम इंधनाला असतो; हवा बहुधा गरजेपेक्षा अधिकच असते. त्यामुळे निरोगी डिझेल इंजिनाला नुसते मोठे नाक लावून ताकद वाढत नाही. ती वाढवावयाची तर इंधन वाढवावे लागते. इंधन वाढले की उष्णता वाढते, आणि ती उष्णता टर्बोच्या पात्यांना, दट्ट्याच्या माथ्याला, क्लचला आणि गियरपेटीला सोसावी लागते. कारखान्याने हे सारे भाग एका मापात घडविलेले असतात. त्यांतला एकच ताणला की त्याच्या वाट्याची झीज शेजारच्याकडे सरकते. एकत्र कुटुंबात राहिलेल्या वाचकांना याची फोड करून सांगावयास नको.

शेवटी मिस्त्री गाडीखाली शिरले. धुराड्याची नळी एका ठिकाणी दगडाचा ठोका बसून चपटी झाली होती; तिचा मार्ग निम्म्यावर आला होता. तेवढा तुकडा त्यांनी कापला आणि त्याच व्यासाचा नवा तुकडा वेल्डिंगने जोडला. “और चौड़ा कर दूँ तो?” असे आपणच विचारून त्यांनी आपणच मान हलविली. टर्बो नसलेल्या इंजिनात तर रुंद नळीने उलट तोटाही होतो. प्रत्येक स्फोटाचा वायू नळीतून एखाद्या लाटेसारखा धावतो आणि जाताना मागे थोडी पोकळी सोडतो. ती पोकळी पुढच्या वायूला ओढून घेते. नळी फार रुंद केली तर वायूचा वेग मंदावतो आणि ही ओढ कमी होते. इंजिन सावकाश फिरत असताना, म्हणजे ओझे घेऊन चढ चढताना, नेमकी हीच ओढ हवी असते. टर्बो असलेल्या गाडीत मागची वाट मोकळी असणे हिताचे खरे. पण ती मोकळी असणे आणि तिच्यावरचा सायलेन्सर काढून टाकणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

सायलेन्सर या वस्तूविषयी आमच्या मनात तोवर काही आदर नव्हता. गंजून आवाज करू लागला की बदलावयाचा एक डबा, एवढीच त्याची ओळख. त्या दिवसांत वाचनातून असे समजले, की १८९७ साली जर्मनीतील औग्सबुर्ग येथे रुडोल्फ डिझेल यांचे इंजिन अधिकृत चाचणीत उतरले, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावच्या रीव्ह्ज बंधूंना इंजिनाचा आवाज कमी करणाऱ्या मफलरचे पेटंट मिळाले. एकाच वर्षी एका खंडात हे सामर्थ्य सिद्ध झाले आणि दुसऱ्या खंडात त्याच्या जिभेला आवर घालण्याचा उपाय नोंदविला गेला, हा योगायोग आम्हांला फार आवडला. त्या डब्याच्या आत भोके पाडलेल्या नळ्या आणि लहानमोठ्या खोल्या असतात. आवाजाची लाट एका खोलीतून दुसरीत जाताना भिंतींवर आपटून परतते आणि मागून येणाऱ्या लाटेला छेद देते. उरलेसुरले काचेच्या लोकरीत शोषले जाते. वायू पुढे जातो, आवाज मागे राहतो. घरातली भांडणे घरातच जिरवून हसतमुखाने दार उघडणाऱ्या गृहिणीचे काम तो डबा आयुष्यभर करीत असतो.

फिल्टर, रबरी नळी, क्लिपा, धुराड्याचा तुकडा आणि मजुरी मिळून साडेचार हजार रुपये झाले. पुढल्या आठवड्यात धुळ्याहून परतताना पुतण्याने मानपूरच्या वर एका चहाच्या टपरीवरून फोन केला. गाडी तिसऱ्या गियरवर चढली होती. आमचा अभ्यास फळाला आला असे समजून आम्ही निश्चिंत झालो. परंतु रात्री घरी आल्यावर त्याने जे सांगितले, त्याने या प्रकरणाची दुसरी बाजू आमच्यापुढे आली.

“काकासाहेब, दम आला हे खरे. पण सायलेन्सर तरी काढू द्या,” तो म्हणाला. आता कशासाठी, असे आम्ही विचारले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मंडीच्या दारात पहाटे दीडशे गाड्या उभ्या असतात. मोठ्या ट्रकवाल्याला हमालही साहेब म्हणतात. आम्हांला कुणी मोजत नाही. ज्यांच्या पिकअपला तो आवाज आहे, ते आले की माणसे वळून पाहतात, रस्ता देतात.”

यावर तत्काळ काही बोलणे आम्हांला सुचले नाही. आवाजामुळे ताकद वाढत नाही, हे आम्ही त्याला आकड्यांनी पटवू शकलो असतो. पण तो ताकदीविषयी बोलत नव्हता. पदवी घेऊन चार वर्षे नोकरीसाठी अर्ज करीत राहिलेला, आणि मग बटाट्याची पोती उचलू लागलेला मुलगा, आपण आलो आहोत हे जगाला कळावे एवढेच मागत होता. आमच्या पिढीने हे काम कार्यालयाच्या दारावरच्या पाटीकडून करून घेतले. जीप थांबली की शिपाई धावत येई. आम्हांला हॉर्न वाजवावा लागत नसे. तेव्हा त्याच्या मागणीला पोरकटपणा म्हणणे आम्हांला अवघड होते.

तरीही आम्ही नकार दिला, आणि त्याची कारणे त्याच्यापुढे मांडली. पहिले कायद्याचे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ वाहनाच्या फेरफारासंबंधी आहे. कारखान्याच्या मूळ मापदंडाशी विसंगत असा बदल मालकाला करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अधिनियमात अशा बेकायदेशीर फेरफारासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. गाडीचे मॉडेल विक्रीला येण्यापूर्वी त्याचा आवाज आणि धूर मोजला जातो. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ पासून या क्षेत्रात आहे, आणि आमच्या शेजारी पीथमपूरला तर २०२१ साली ११.३ किलोमीटरचा भव्य चाचणीमार्ग खुला झाला. एवढा खटाटोप करून जो डबा बसविला जातो, तो एका दुपारी पान्याने सोडवून भंगारात टाकावयाचा, हे आमच्या सरकारी मनाला रुचण्यासारखे नव्हते. पुतण्याचे यावर उत्तर तयार होते. “मंडीत निम्म्यांनी काढले आहेत, कुणाला पकडतात?” आणि ते खोटे नव्हते.

दुसरे कारण अधिक जवळचे होते. आमच्या वाड्याच्या तळमजल्यावर, अंगणाकडे खिडकी असलेल्या खोलीत आमच्या थोरल्या भगिनी राहतात. पुतण्या त्यांना आत्यासाहेब म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे, दमा जुना. रात्री दोन-तीनदा त्यांना उठून बसावे लागते, आणि पहाटे कुठे डोळा लागतो. नेमकी तेव्हाच, चार वाजता, त्या खिडकीपासून दहा पावलांवर पिकअप सुरू होते. ध्वनिप्रदूषणासंबंधी २००० साली जे नियम झाले, त्यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. डेसिबलचे गणितही विलक्षण आहे. आकडा दहाने वाढला की ध्वनीची तीव्रता दहापट होते आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट वाटतो. सायलेन्सर काढलेली गाडी अंगणात सुरू झाली असती तर काय झाले असते, हे सांगावयास यंत्राची गरज नाही. आवाजाहून वाईट तो धूर. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर निश्चितपणे कर्करोगकारक म्हणून नोंदविला. दमेकऱ्याला तर त्यातील सूक्ष्म काजळी तत्काळ छळते. इंधन वाढविण्याचा तो दुकानदाराचा फेरफार म्हणजे याच काजळीत भर.

आम्ही त्याला एवढेच म्हणालो, “तुझ्या गाडीला एका लिटरमागे दहा हजार लिटर हवा लागते. तुझ्या आत्यासाहेबांनाही दिवसाला तेवढीच लागते. दोघी एकाच अंगणातून घेतात.”

तो काही बोलला नाही. उठून गेला. आमच्या नकारावर तो रुष्ट झाला असावा, कारण पुढले आठ-दहा दिवस त्याचे आमच्याशी बोलणे कामापुरते होते. सायलेन्सर मात्र जागेवर राहिला.

आमचे इंदूर २०१७ पासून देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून वर्षानुवर्षे गौरविले गेले. ओला कचरा निराळा, सुका निराळा, हे इथल्या पोराबाळांनाही आता शिकवावे लागत नाही. परंतु रस्त्यावरचा कागद उचलणे सोपे. तो दिसतो, आणि टाकणाराही दिसतो. सोडलेला श्वास दिसत नाही. झाडून लख्ख केलेल्या रस्त्यावरून मध्यरात्री कुणी गर्जना करीत गेले तर मागे काही उरत नाही. कुणाची तरी मोडलेली झोप उरते, तिची घंटागाडी येत नाही. जुन्या वाड्यांत वाढलेल्या आमच्यासारख्यांना आपला आवाज किती भिंतींपलीकडे जातो, याची जाणीव लहानपणापासून असे. शेजारच्या बिऱ्हाडात आजारी माणूस असले की आमच्या मातोश्री बत्त्याखाली घडी केलेले फडके ठेवून वेलदोडा कुटीत. त्या फडक्याने वेलदोड्याची चव कमी झाली नाही. वाडे आता राहिले नाहीत म्हटले तरी चालेल. पण घराला घर लागूनच आहे आणि हवा तर सर्वांची एकच आहे.

महिन्याभरापूर्वी दुपारच्या चहाच्या वेळी भगिनींनी सहज विचारले, “हल्ली पहाटे खोलीत धूर येत नाही. मुलाने गाडी विकली की काय?” गाडी विकली असती तर जामीनदाराला कळले असते, असे सांगून आम्ही विषय संपविला, परंतु रात्री कुतूहलाने खाली उतरून पाहिले. पहाटे सरळ निघता यावे म्हणून पिकअप नेहमी फाटकाकडे तोंड करून उभी असे, आणि धुराडे त्या खिडकीकडे. आता ती उलटी उभी होती. तोंड भिंतीकडे, धुराडे फाटकाबाहेरच्या मोकळ्या गल्लीकडे. म्हणजे रोज पहाटे चार वाजता, अंधारात, एका बाजूला तुळशीवृंदावन आणि दुसऱ्या बाजूला हौद सांभाळीत, तो गाडी मागे मागे काढीत होता. आमच्या बोलण्यात हे कधी आले नव्हते. कुणी सुचविलेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला विचारले. “रिव्हर्सची सवय चांगली असते, काकासाहेब,” एवढे बोलून तो पोती मोजावयास निघून गेला. वृंदावनाच्या एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे; तो आम्ही सिमेंट लावून बुजवून घेतला. कर्जाचे अजून एकोणीस हप्ते बाकी आहेत.